उत्तर वाटेत आहे

"ताईच्यात आता काही राहिलेलं नाही, भाऊजी. तुम्ही भिंतीशी बोलताय."

मी जिन्यात होते, हातात दुधाची पिशवी. तळमजल्यावरचं दार उघडं होतं. अशा वेळी पुढे जावं की मागे फिरावं, हे मला कधीच ठरवता येत नाही. त्यामुळे मी पुष्कळ ऐकलेलं आहे.

बोलणाऱ्या बाई आमच्या घरमालकांच्या मेहुणी होत्या, ठाण्याच्या. ताई म्हणजे घरमालकांची बायको, आमच्या काकू. दीड वर्षापूर्वी अर्धांगाच्या झटक्यात काकूंची उजवी बाजू गेली होती आणि तिच्याबरोबर बोलणंही. त्यात चार दिवसांपूर्वी त्यांना ऊन लागलं होतं आणि त्या जेमतेम वाचल्या होत्या. मेहुणी त्यांना कायमचं न्यायला आल्या होत्या. खाली टॅक्सी उभी होती.

भाऊजी म्हणजे घरमालक, आमचे काका. त्यांनी फक्त उजव्या हाताचं बोट वर केलं.

मेहुणींना वाटलं, ते थांब म्हणतायत. "आता थांबून काय होणार?" असं म्हणत त्या काकूंचे गाऊन पिशवीत भरू लागल्या. पण ते बोट 'थांब' म्हणत नव्हतं. आम्हा भाडेकरूंना ते ठाऊक होतं. त्या बोटाचा अर्थ होता: तुमचं ऐकलं, उत्तर निघालेलं आहे.

शेजारच्या दोघांनी काकूंना खुर्चीसकट उचलून टॅक्सीपर्यंत नेलं, आत बसवलं आणि रिकामी खुर्ची परत आणली. दार लागलं, टॅक्सी पिठाच्या गिरणीपाशी वळून दिसेनाशी झाली. काका फाटकाला धरून उभे होते. मग रिकाम्या रस्त्याकडे बघत त्यांनी मेहुणीला उत्तर दिलं.

"आहे," ते म्हणाले. "ती आहे. उत्तर वाटेत आहे."

आम्ही डोंबिवलीत त्यांच्या माडीवर भाड्याने आलो तेव्हा मी नववीत होते. काका एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत मीटर आणि मोजयंत्रांच्या विभागात इंजिनियर होते. दोन्ही मनगटांवर घड्याळं घालायचे. डाव्या हातावर डोंबिवलीची वेळ, उजव्या हातावर ग्रीनिचची. अंतराळयानांच्या सगळ्या बातम्या ग्रीनिचच्या वेळेने येतात, दर वेळी साडेपाच तास कोण वजा करणार, असं त्यांचं म्हणणं. गल्लीतली मुलं विचारायची, "काका, उजव्या हातावर किती वाजले?" काका बोट वर करायचे आणि मुलं पळून गेल्यावर वेळ सांगायचे.

हे उशिरा उत्तर देणं हा त्यांचा नेम होता. दूरच्या यानाला इथून काही विचारलं तर प्रश्न तिथे पोचायला वेळ लागतो आणि उत्तर यायला तितकाच. त्या मधल्या वेळात माणसाने शहाण्यासारखं गप्प बसावं. "लगेच येतं ते उत्तर नसतं," ते म्हणायचे. "तो आपलाच आवाज भिंतीवर आपटून परत आलेला असतो."

अडचण पाण्याची होती. महापालिकेचं पाणी संध्याकाळी यायचं, पण कधी सहाला, कधी सातला, कधी आठ वाजून गेल्यावर. ते आधी तळमजल्यावर काकांच्या मोरीतल्या नळाला यायचं आणि चढलं तर वर आमच्याकडे. माझी आई कठड्यावरून वाकून विचारायची, "काका, पाणी आलं का?" काका अंगणात बोट वर करून उभे. खरंखुरं 'आलं' येईपर्यंत पाणी जायचीसुद्धा वेळ व्हायची.

म्हणून उत्तर काकू द्यायच्या. काकू मूळच्या रत्नागिरीकडच्या. त्यांच्याकडे प्रश्न संपायच्या आत उत्तर तयार असायचं. मोरीतला नळ खाकरला, की त्या हातात असेल ती पळी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजांवर आपटायच्या, ठण ठण ठण, आणि ओरडायच्या, "पाणी आलं गं!" वरती आम्ही बादल्या लावायचो. ठणठणाट थांबायचा तेव्हा काका अंगणातून शांतपणे सांगायचे, "आलं."

"यांच्या भरवशावर राहिले असते तर लग्नसुद्धा अजून झालं नसतं," काकू माझ्या आईला सांगायच्या. "माझ्या वडिलांनी विचारलं, मुलगी पसंत आहे का? हे आपले आढ्याकडे बघत बसले. शेवटी मीच आतून ओरडले, आहे म्हणून!"

काका हसायचे. तेही जरा उशिराच.

गच्चीवरची काळी पाण्याची टाकी हा त्यांचा सूर्य होता. एवढा सूर्य धरला तर पृथ्वी केवढी आणि कुठे, याचा हिशेब करून त्यांनी गोटीसोड्याच्या बाटलीतली एक गोटी पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर सिमेंटमध्ये बसवून घेतली होती. गिरणीवाला तक्रार करायचा, "काका, बायका डबा ठेवतात तर तो डुगडुगतो." नारळाएवढा गुरू मारुतीच्या देवळाच्या पायरीवर, कारण तिथे नारळ आयता असतो. शनी ठाकुर्लीच्या फाटकाजवळ. नेपच्यून पार कल्याणला, तळ्याच्या काठी. एका रविवारी ते मला आणि काकूंना घेऊन ही सगळी सूर्यमाला चालायला निघाले. काकू देवळापर्यंत आल्या आणि गुरूच्या पायरीवर बसल्या. "तुम्ही जा पुढे. एवढ्या लांब यानं जातात, आणि यांना कोपऱ्यावर जाऊन कोथिंबीर आणता येत नाही."

"आणि ठाणं?" मी विचारलं होतं. त्यांना मी आपणहून विचारलेला तो पहिला प्रश्न असावा.

ठाकुर्लीचं फाटक ओलांडल्यावर उत्तर आलं. "ठाणं दुसऱ्या बाजूला. आणि ते सूर्यमालेच्या बाहेर. तिथपर्यंत अजून काही गेलेलं नाही."

माझी त्यांच्याशी गट्टी जमण्याचं कारण माझी शाळा. मी कॉन्व्हेंटची. मराठी घरात बोलायचे, पण 'एकोणऐंशी' म्हटलं की मला मनात बोटं मोजावी लागायची. लोकांसमोर चुकीचं मराठी बोलण्यापेक्षा गप्प बसणं सोपं वाटायचं, आणि गप्प बसण्याची हळूहळू सवय होते. काकांचं उलटं होतं. त्यांना इंग्रजी वाचता उत्तम यायचं, पण रेडिओवरच्या साहेबाचे उच्चार कळायचे नाहीत. त्यांच्याकडे शॉर्टवेव्हचा जुना रेडिओ होता. रविवारी संध्याकाळी लंडनहून विज्ञानाचा कार्यक्रम लागायचा.

"तू ऐक आणि मला मराठीत सांग," ते म्हणाले. "घाई नाही. तू हळू बोलतेस हे चांगलं आहे. दुरून येणारं सगळं हळूच येतं."

त्या आधी माझ्या अबोलपणाला कोणी चांगलं म्हटलं नव्हतं.

व्हॉयेजर यान नेपच्यूनजवळून गेलं तेव्हा मी डोळे मिटून, खरखरीतून एकेक वाक्य पकडून त्यांना सांगत होते. वारे फार जोराचे आहेत. एक चंद्र आहे, त्याच्यावर काहीतरी धुरासारखं उडतंय. मला शब्द सापडायचे नाहीत. काका वाट बघायचे. काकू स्वयंपाकघरातून विचारायच्या, "निळं आहे ना? मग झालं तर." आणि पाणी आलं की गज वाजायचे आणि लंडन त्यात बुडून जायचं.

गुरूकडे निघालेल्या दुसऱ्या एका यानाची बातमी पुढे एकदा मीच त्यांना सांगितली. त्या यानाची मोठी अँटेना छत्रीसारखी मिटून ठेवलेली होती. वाटेत उघडायची होती. ती उघडेना. काही काड्या मधल्या दांड्याला चिकटून बसल्या होत्या.

"आपल्या स्टेशनबाहेरच्या छत्रीवाल्याकडे पाठवा म्हणावं," काकू म्हणाल्या. "दोन मिनिटांचं काम."

काका हसले नाहीत. त्यांनी मला पुन्हा पुन्हा विचारलं, मग आता ते काय करणार? मी पुढच्या रविवारी ऐकून सांगितलं. ते यानाला वळवतात. आधी त्या छत्रीवर ऊन पडू देतात, मग तिला सावलीत घेतात. गरम झाला की धातू फुगतो, गार झाला की आकसतो. असं करत राहिलं तर अडकलेल्या काड्या कधीतरी सुटतील.

"ऊन आणि सावली," काका म्हणाले. "धीराचं काम आहे."

त्याच वर्षी दिवाळी आटोपल्यावर, करंज्यांचे डबे घासायला काढत असताना काकू मोरीत पडल्या.

हॉस्पिटलातून आल्या तेव्हा त्यांची उजवी मूठ मिटलेली होती. अंगठा आत आणि बोटं त्याच्यावर घट्ट. तोंडातून शब्द नाही. डोळे मात्र उघडे, आणि ते आपल्याकडे बघतात की आपल्या मागच्या भिंतीकडे, हे कळायचं नाही. डॉक्टरांनी सांगितलं, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या काही महिन्यांत येतं. काकांनी बोट वर केलं, पण डॉक्टरांना वेळ नव्हता. घरी आल्यावर काका माझ्या आईला म्हणाले, "त्या यानाला लोकांनी वर्षं दिलीत. हे म्हणतात महिने."

त्यांनी नोकरी सोडली. काकूंना आंघोळ घालणं, भरवणं, कपडे बदलणं, सगळं स्वतः केलं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून तासातासाला कूस बदलायचे. कोणत्याही बाईने इतकं नीट केलं नसतं, असं आई म्हणायची आणि मग आवाज खाली आणून पुढचं म्हणायची, "पण ते उन्हाचं मला बघवत नाही."

कारण रोज सकाळी काका काकूंची खुर्ची पुढच्या व्हरांड्यात आणायचे आणि ती मिटलेली मूठ उशीवर उन्हात ठेवायचे. ठरलेला वेळ झाला की खुर्ची आत, पंख्याखाली. मग पुन्हा ऊन. पुन्हा सावली. सावलीत घेतल्यावर महानारायण तेल लावून ते एकेक बोट सोडवायचा प्रयत्न करायचे. बोट थोडं उघडायचं आणि सोडलं की परत आत जायचं.

"काड्या आहेत," एकदा त्यांनी मला सांगितलं. "एक सुटली की बाकीच्या सुटतील."

आणि ते काकूंना विचारत राहायचे. सकाळी: चहात साखर बरोबर आहे का? मग दिवसभर काही बोलायचे नाहीत, तिच्या तोंडाकडे बघत राहायचे. गल्लीतल्या लोकांना ते असह्य व्हायचं. त्यांना वाटायचं, म्हातारा बायकोशी बोलत नाही, नुसता बघत बसतो. त्यांना कळायचं नाही की तो बोललेला आहे. आता तिची पाळी आहे.

मी त्यातल्या पुष्कळ संध्याकाळी तिथे होते. रविवारचा रेडिओ बंद झाला नव्हता. काकूंची खुर्ची मधल्या खोलीत, मोरीच्या भिंतीला लागून. काका समोर चौरंगावर बसून उजवी मूठ दोन्ही हातांत धरून. मी रेडिओला कान लावून. आणि कधीतरी काकूंचा डावा हात खुर्चीच्या लाकडी हातावर आपटायला लागायचा. ठक, ठक, ठक. मला लंडन ऐकू येईनासं व्हायचं. काका न बघताच तो हात उचलून तिच्या मांडीवर ठेवायचे. "शांत, शांत," ते म्हणायचे. "एका वेळी एकच काम." आणि पुन्हा उजव्या मुठीकडे वळायचे.

पुढच्या हिवाळ्यात रेडिओने सांगितलं की आता ते अँटेनाच्या मोटारी धक्के देऊन बघतायत. पुन्हा पुन्हा, हातोडीने ठोकावं तसं. काही दिवसांनी सांगितलं की छत्री उघडण्याचा नाद सोडला आहे. हे वाक्य मराठीत कसं सांगावं, याचा मी विचार करत बसले. काकांनी वाट पाहिली. मी सांगितलं.

"नाद नसतो सोडायचा," ते म्हणाले. लगेच.

त्या उन्हाळ्यात त्यांनी उन्हाचा वेळ वाढवला. मे महिन्यात एका दुपारी ते काकूंसाठी नारळपाणी आणायला म्हणून गेले. नारळवाला नेहमीच्या जागी नव्हता, म्हणून ते देवळापर्यंत गेले. खुर्ची उन्हात राहिली. आईने वरून बघितलं तेव्हा काकूंची मान पडलेली होती आणि अंग तव्यासारखं तापलेलं. काका शहाळं घेऊन आले तेव्हा आम्ही काकूंच्या अंगावर ओले टॉवेल टाकत होतो. काका खाली बसून शहाळ्याचं गार पाणी त्या मुठीवर ओतायला लागले. आई ओरडली, "अहो, तोंडात घाला त्यांच्या! तोंडात!"

मेहुणी चौथ्या दिवशी आल्या. त्यांच्या जागी मी असते तरी आले असते.

मी तेव्हा ठाण्याला कॉलेजात जायला लागले होते. त्यामुळे आईने कधी मेथीचे लाडू, कधी गोधडी देऊन मला मेहुणींच्या घरी पाठवलं. नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. काकू स्वच्छ होत्या, केस विंचरलेले, कपाळाला कुंकू. खोलीला ऊन नव्हतं. मेहुणी शाळेत शिकवून आल्यावर स्वतः सगळं करायच्या, आणि त्यांचे पाय सुजलेले असायचे.

"भाऊजींना सांग, ती बरी आहे," त्या म्हणाल्या. "फक्त तो डावा हात. संध्याकाळी आपटायला लागते. डोंबिवलीला काळवेळ नव्हता म्हणे. इथे बरोबर चारच्या सुमाराला. खालच्या लोकांनी तक्रार केली. आता डॉक्टरांनी गोळी दिलीय. साडेतीनला दिली की शांत राहते."

मोरीत बादली भरत होती. मी म्हटलं, "बरं."

काका दर रविवारी ठाण्याला जायचे. आल्यावर मला भेटायचे. काय बोलणं झालं, असं आई विचारायची. "विचारून आलोय," ते सांगायचे. व्हॉयेजर आता आपल्या नकाशात मुंब्र्याच्या आसपास असेल, असं एकदा म्हणाले. "ते ठाण्याला पोचेपर्यंत मी नसेन."

त्याच वर्षी पावसाळ्यात मंगळावर पोचणारं एक यान गप्प झालं. मी रेडिओवर ऐकून काकांना सांगितलं. पोचायच्या आधी इंधनाच्या टाक्यांमध्ये दाब भरायचा होता. त्या धक्क्याने रेडिओचं नुकसान होऊ नये म्हणून यानाला सांगितलं होतं, थोडा वेळ तुझा रेडिओ बंद ठेव. त्याने ठेवला. नंतर तो परत लागलाच नाही.

काका बराच वेळ बोट वर करून बसले. मग ते बोट त्यांनी खाली घेतलं, उत्तर न देताच.

"म्हणजे बिघाड लपून राहिला," शेवटी ते म्हणाले. "मुद्दाम गप्प केलं, त्यामुळे कधी मेलं तेही कळलं नाही."

काकू गेल्या त्या आणखी दीड वर्षाने. झोपेत. मेहुणींचा निरोप गिरणीच्या फोनवर आला. दहाव्याला आम्ही ठाण्याला गेलो होतो. काकांनी सगळ्यांसमोर मेहुणीला विचारलं, "शेवटी काही म्हणाली का?"

"भाऊजी, ती किती वर्षं बोलली नव्हती." मेहुणींचा आवाज फुटला. "काय म्हणणार होती?"

काकांनी बोट वर केलं. लोक एकमेकांकडे बघू लागले, मग भटजींनी पुढचं सुरू केलं. काकांचं बोट तसंच वर होतं. पिंडाला कावळा शिवला तेव्हासुद्धा. आईने शेवटी त्यांचा हात धरून खाली आणला.

त्यानंतर ते बदलले. उजव्या हातावरचं घड्याळ काढून ठेवलं. रेडिओ मला देऊन टाकला. आणि विचारलं की ताबडतोब उत्तर द्यायला लागले. "काका, पाणी आलं का?" "माहीत नाही." "काका, जेवलात?" "हो." "काका, बरं आहे ना?" "हो." सगळे भाडेकरू खूश झाले. काका सुधारले, असं म्हणायला लागले. गिरणीवाल्याने ओट्यावरची गोटी छिन्नीने काढून टाकली. काका ते पाहून आत गेले. मला त्या भराभर येणाऱ्या उत्तरांची भीती वाटायची. भिंतीवर चेंडू टाकावा तसं ते होतं. आत जाऊन काही परत येत नव्हतं.

वर्ष संपत आलं होतं. एका संध्याकाळी मी वर माझ्या खोलीत रेडिओ लावून बसले होते. कोणासाठी ऐकत होते, ते माहीत नाही. बातम्यांत सांगितलं की ते यान गुरूपाशी पोचलं. गुरूच्या ढगांमध्ये त्याने सोडलेल्या कुपीची माहितीही त्याच्यापाशी आहे, हळूहळू येईल. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, पण त्याची अँटेना तर उघडलीच नव्हती ना? कोणीतरी दमलेल्या, आनंदी आवाजात उत्तर दिलं. नाही, ती कधीच उघडली नाही. पण त्याला आणखी एक अँटेना आहे. लहानशी. फार हळू बोलते. आम्ही मोठीचा नाद सोडला आणि लहानीचं ऐकायला शिकलो. ती सगळा वेळ बोलतच होती.

मी रेडिओ बंद केला. त्या शांततेत खालच्या मोरीतला नळ खाकरला.

गज वाजले नाहीत. आणि ते वाजले नाहीत म्हणूनच मला तो हात आठवला. लाकडावर आपटणारा डावा हात. डोंबिवलीत त्याला काळवेळ नव्हता, कारण आमच्या पाण्याला काळवेळ नव्हता. ठाण्याला चारच्या सुमाराला, आणि मी गेले होते तेव्हा त्याच सुमाराला मोरीत बादली भरत होती. भिंतीपलीकडे नळ खाकरायचा आणि इकडे हात उठायचा. पळी नव्हती, गज नव्हते, शब्द नव्हता. जे उरलं होतं त्याने ती बाई घराला सांगत होती. काका उजव्या मुठीत बघत होते. मेहुणी घड्याळात बघून गोळी देत होत्या.

मी जिन्यात आले आणि थांबले. त्याच पायरीवर, जिथे दुधाची पिशवी घेऊन उभी होते. हे सांगून त्या माणसाला काय मिळणार होतं? त्याने स्वतःच्या हाताने तो हात उचलून मांडीवर ठेवला होता. शांत, शांत, म्हणाला होता. न सांगितलं तर तो असाच भराभर उत्तरं देत संपून जाईल. सांगितलं तर ती तिथे होती हे त्याला कळेल, आणि आपण ऐकलं नाही हेही. दोन्ही एकाच वाक्यात. वेगळं करून देता येण्यासारखं नव्हतं.

दार लोटलेलं होतं. काका मधल्या खोलीत, काकूंच्या खुर्चीसमोरच्या चौरंगावर बसले होते. मोरीत नळ वाहत होता आणि त्यांनी बादलीही लावली नव्हती.

"काका, गुरूचं यान पोचलं."

"बरं," ते म्हणाले. लगेच.

"छत्री उघडली नाही. शेवटपर्यंत."

"बरं."

"ते दुसऱ्या अँटेनावरून बोलतंय. लहान. ती पहिल्यापासून चालू होती."

या वेळी 'बरं' आलं नाही. काकांनी माझ्याकडे बघितलं. मग खुर्चीकडे. मग अगदी हळू, दुखऱ्या सांध्यातून उचलावं तसं, त्यांनी उजव्या हाताचं बोट वर केलं.

 मला नेहमीप्रमाणे शब्द सापडत नव्हते, आणि या वेळी भाषेचा दोष नव्हता. मी खुर्चीपाशी गेले. खुर्चीच्या डाव्या हातावर, लाकूड जिथे झिजून पांढरं पडलं होतं तिथे, मी माझा हात आपटला. ठक, ठक, ठक.

"पाणी आलं, काका," मी म्हटलं. "काकू रोज तेच सांगत होत्या. पाणी आलं."